प्रति: बटण दाबून पळणारी मुलं
विज्ञान प्रदर्शनात मुलं बटण दाबतात आणि काय झालं ते न बघताच पुढे पळतात, ही तक्रार खरीच. पण त्यावर उपाय म्हणून मोठे माहितीफलक लावायचे? कोण वाचतं! त्यापेक्षा मुलांचे हातच सर्किटमध्ये घ्या. लाकडी फळीवर तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा तळहाताएवढा पत्रा, एकमेकांना न टेकणारा. दोन्हींना वायरने जोडलेला ५० मायक्रोअँपिअरचा, म्हणजे अगदी बारीक वीजप्रवाह दाखवणारा, काट्याचा मीटर. दोन पत्र्यांवर दोन हात ठेवले की घामामुळे सेल, म्हणजे छोटी बॅटरीच, तयार होतो आणि काटा हलतो. उलटा गेला तर वायरींची अदलाबदल करा. मिलिअँपिअरचा मीटर लावलात तर काटा ढिम्म.

शेजारी तांबं-तांबं अशी जोडीही हवीच. तिथे काटा जवळपास जागचा हलत नाही आणि मग प्रश्न सुरू होतात. पत्रे मात्र काळवंडतात, बारीक पॉलिश पेपरने घासत राहावे लागतात. कोरड्या हातांसाठी ओला स्पंज ठेवा.