मेहनतीआधी मैदान बघा

१९७६ ला मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये भारताचा हॉकी संघ सातवा आला तो पोरांनी मेहनत केली नाही म्हणून, असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. वर्षभर आधीच, १९७५ ला, आपण क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलो होतो, गवतावर! मॉन्ट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदाच कृत्रिम टर्फवर, म्हणजे प्लास्टिकच्या सपाट गवतावर झाली. ठरवलं दुसऱ्यांनी, भोगलं खेळाडूंनी. आमच्या बेळगावचे बंडू पाटील १९६४ च्या टोकियोतल्या सुवर्णविजेत्या संघात होते, तेही गवतावरच.

आम्ही शाळेत लाल मातीत खेळलो. खडा लागला की चेंडू उडायचा, म्हणून तो स्टिकला चिकटवूनच पळायची सवय. पुढं निवड चाचणीला टर्फवर उभा राहिलो, आणि स्टिक खाली येईपर्यंत पहिलाच पास सुसाट निघून गेलेला. अजून सलतंय ते.