शब्दचर्चा : ‘विलंब माफ’ की ‘काळ वगळून’?

प्रश्न : एका अपिलाच्या अर्जाचे मराठी करते आहे. दिवाणी न्यायालयाचा निकाल १२ मार्च २०२०चा, जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, अपील दाखल ११ एप्रिल २०२२ला. मसुद्यात लिहिलंय, ‘७३० दिवसांचा विलंब माफ व्हावा’. घरात आजारपण, कोर्ट बंद. त्यात या माणसाची काय चूक, की त्याने माफी मागावी?

उत्तर : ‘माफी’ म्हणजे इथे दिलगिरी नव्हे. कर्जमाफी, फीमाफी यांतली ती माफी. पण तिथेही आधी देणं असावं लागतं, तेव्हा ते माफ होतं. तुमच्या अर्जदाराकडे विलंबच नाही!

कोविड महामारीमुळे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला. ज्यांची मुदत या काळात संपत होती, त्यांना १ मार्च २०२२पासून ९० दिवस मिळाले. उरलेली मुदत त्याहून जास्त असेल तर तेवढी. म्हणजे हे अपील मुदतीत आहे. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस आपण ‘वजा जाता’ धरतो, त्यांना कुणी माफी म्हणत नाही. तसंच हे. ‘सदर कालावधी वगळता अपील मुदतीत आहे’ असं लिहा. ‘विलंब’ कबूल केलात, की पुरेसं कारण दाखवायचं ओझं अर्जदारावर येतं आणि माफ करणं न्यायालयाच्या मर्जीवर.

प्रश्नकर्ती : मग फरक नुसता शब्दांचा नाही?

उत्तर : मुळीच नाही. एका कंपनी-अपिलात ४५ दिवसांची मुदत फेब्रुवारी २०२०मध्येच संपली होती. पुढचे ४५ दिवस विलंब माफ होण्याजोगे. ते १८ मार्चला संपले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२०मध्ये सांगितलं, की आमच्या मार्च २०२०च्या आदेशाने ‘मुदत’ वाढली, ‘माफ करता येईल तो काळ’ वाढला नाही. अपील फेटाळलं गेलं. मार्च २०२१च्या आदेशात तो काळही वगळला, पण त्या पक्षकाराला त्याचा काय उपयोग? मला हे आजही कठोर वाटतं.

दुसरे उत्तर : ‘दिरंगाई’ मात्र नकोच. त्यात हयगयीचा वास आहे. मुदत महामारीआधीच टळली असेल, तर ‘विलंब माफीचा अर्ज’ हाच रुळलेला शब्द. निकालपत्रांतलं ‘क्षमापित’ अर्जदाराला वाचून कळत नाही.

प्रश्नकर्ती : ‘७३० दिवस’ खोडले. ‘वगळता’ लिहिलं.