मदत हवी आहे: नॅचरल लेटेक्सची गादी, दोनपैकी कोणती?

वाशिष्ठीकाठ
नॅचरल लेटेक्सची, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकापासून बनवलेली गादी घ्यायची आहे. शनिवारी ऑफर संपतेय, त्याआधी ठरवायचं आहे. दोन गाद्या निवडल्या आहेत.
अ) ६ इंची, '१००% नॅचरल लेटेक्स, डनलॉप'.
ब) ८ इंची, 'नॅचरल लेटेक्स ऑर्थो'. जाडी जास्त, तरी बारा हजारांनी स्वस्त.
दोन्हींवर ओको-टेक्सचा शिक्का आहे. मग ब का घेऊ नये? दोन आठवडे हेच वाचतोय. ज्यांनी वापरली आहे त्यांनीच सांगा प्लीज.

निंबोणी
झोपणार कोण? वजन, वय? बेड कसला आहे? साइज?

वाशिष्ठीकाठ
त्याने काय फरक पडतो? गादी बेडवरच टाकणार. साइज ७८ बाय ६०.

जुना_पिंपळ
डनलॉप अजिबात घेऊ नका. आमच्या सोफ्यात होतं, पाच वर्षांत खड्डा पडला.

रबरवाला
काका, तो सोफ्यातला फोम. आपल्याकडे कुठल्याही फोमला डनलॉप म्हणायची सवय आहे. इथे डनलॉप म्हणजे बनवायची पद्धत: रबराचा चीक घुसळून फेस करायचा, साच्यात ओतायचा आणि वाफेवर पक्का करायचा. ओतल्यावर जड भाग थोडा खाली बसतो, म्हणून खालची बाजू जरा घट्ट लागते. तालाले पद्धतीत साचा अर्धवट भरून आतली हवा खेचतात, मग फेस गोठवतात, त्यामुळे ती एकसारखी आणि हलकी होते. पण तालालेत बऱ्याचदा कृत्रिम रबर मिसळलेलं असतं.
ओको-टेक्सचा अर्थ एवढाच की घातक रसायनं मर्यादेत आहेत. निव्वळ कृत्रिम फोमलाही तो शिक्का मिळतो. सेंद्रियच हवी असेल तर जीओएलएस हे सेंद्रिय लेटेक्सचं प्रमाणपत्र विचारा, त्यात किमान ९५% कच्चा माल प्रमाणित सेंद्रिय लागतो.
दोन्ही गाद्यांचं वजन किती लिहिलंय?

अबोली_नाशिक
मी सावरीच्या कापसाची उशी वापरते, मान दुखायची थांबली. नक्की करून बघा.

निंबोणी
अबोलीताई, उशीचा प्रश्नच नाहीये.

वाशिष्ठीकाठ
वजन: अ ३८ किलो, ब २९ किलो.

रबरवाला
मग उत्तर इथेच आहे. ७८ × ६० × ६ इंच म्हणजे साधारण ०.४६ घनमीटर. ३८ मधून कव्हरचे दोन-तीन किलो काढा, घनता घनमीटरला ७६-७८ किलो येते. लेटेक्सला हे शोभतं. ब तर ८ इंची. पूर्ण लेटेक्सची असती तर घनमीटरला ८० धरून ४९ किलो भरली असती. २९ मध्ये वर पातळ लेटेक्स आणि खाली साधा फोम असणार. दुकानात जाऊन चेन उघडायला सांगा.

जुना_पिंपळ
एवढे हिशेब करण्यापेक्षा पिंजाऱ्याकडून कापसाची करून घ्या. आमच्या दारात यायचा, धनुकलीचा आवाज अजून कानात आहे. दर दोन वर्षांनी पिंजली की गादी नवी.

रबरवाला
आता पिंजारी येतो कुठे? आणि कापूस दबला की कंबरेचे हाल होतात.

जुना_पिंपळ
माझी कंबर ७१ व्या वर्षी ठणठणीत आहे, त्याच गादीवर.

निंबोणी
दोघंही जरा थांबा. वाशिष्ठीकाठ, बेडचं सांगितलंच नाहीत. बॉक्स बेड आहे का? माझ्या सासूबाईंची लेटेक्स गादी बंद प्लायवर होती, दुसऱ्या पावसाळ्यात खालून काळी बुरशी आली. खालून हवा लागतेच.

वाशिष्ठीकाठ
हो, बॉक्स बेडच. आधी सांगायला हवं होतं. गादी आईसाठी आहे, चिपळूणला. वय ६८, वजन ५२, कुशीवर झोपते, पहाटे खुब्याशी कळ येते म्हणून उठून बसते. मी पुण्यात असतो, सारखं जाणं होत नाही. एकदाच नीट घेऊन द्यायची आहे, म्हणून घाई चाललीय.

निंबोणी
मग मऊ किंवा मध्यम घ्या. 'ऑर्थो' नाव बघून कडक घेतलीत तर एवढ्या हलक्या माणसाचा खुबा आत बसत नाही, सगळा दाब तिथेच येतो. सासूबाईंना नेमकं हेच झालं होतं. शक्य असेल तर आईंना दुकानात नेऊन वीस मिनिटं कुशीवर झोपवा. आणि त्यांना रबरी हातमोजे, फुगे यांनी कधी खाज आली होती का, तेवढं विचारा.

वाशिष्ठीकाठ
विचारलं, तसं काही नाही. आज दुकानात जाऊन आलो. ब ची चेन उघडल्यावर आत जाळीचं पांढरं कापड निघालं, ते सरकवलं. वर दोन इंच पिवळसर थर, त्यात लेटेक्सला असतात तशी बोटाएवढी भोकं ओळीने. त्याखाली गोंदाची रेघ, आणि मग सहा इंच पांढरा गुळगुळीत फोम, एकही भोक नाही. विक्रेता म्हणाला, "लेटेक्स आहेच ना वर." ब रद्द. अ ची चेनही उघडून घेतली, तळापर्यंत भोकं आहेत. तीच घेतोय, मध्यम. आईला आणणं जमलं नाही, पण महिनाभरात बदलून देणार, असं बिलावर लिहून घेतलं.
सुतार उद्या ११ ला येतोय, प्लाय काढून पट्ट्या मारणार. मध्ये अंतर किती ठेवू?

रबरवाला
दोन-अडीच इंच. तीनच्या वर नको, लेटेक्स फटीत उतरतं. आणि गादीला ऊन बिलकुल दाखवू नका, उन्हाने रबर कडक होऊन भुगा पडतो. उघडीप मिळाली की सावलीत वाऱ्याला ठेवा.

वाशिष्ठीकाठ
आईला सांगितलं. तिला पटत नाहीये, म्हणते ऊन न दिलेल्या गादीवर कसं झोपायचं. कव्हर काढून तेवढंच उन्हात टाकलं तर चालेल ना?

निंबोणी
चालेल. कव्हर खुशाल टाकू द्या.