सेंट्रल लाइनचं सॅच्युरेशन ८४ आलं, खूश व्हायचं की घाबरायचं?

रात्रपाळी:
आयसीयूत लागून जेमतेम दोन महिने झालेत, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. सेप्सिसचा पेशंट, व्हेंटिलेटरवर, नॉरॲड (रक्तदाब टिकवायचं औषध) वाढवत चाललोय, बोटावरचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९८. सरांनी सेंट्रल लाइनचं (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी) सॅम्पल पाठवायला सांगितलं, एससीव्हीओटू, म्हणजे त्या शिरेतल्या रक्ताचं सॅच्युरेशन, आलं ८४. ७० च्या वर हवं एवढं पाठ होतं म्हणून खुशीत फोन केला, तर म्हणाले लॅक्टेट किती? सकाळी ४ होतं, आता ५.८ (पेशींना ऑक्सिजन पुरत नसला की हे चढतं). मग ८४ चं काय कौतुक, म्हणाले आणि फोन ठेवला. माझं नक्की काय चुकलं?

जुनाखेळाडू:
सरांचं बरोबर आहे. बोटावरचा आकडा सांगतो माल किती भरून निघाला, शिरेतला सांगतो किती परत आला. पडून असलेल्या निरोगी माणसात मिनिटाला साधारण १००० मिली ऑक्सिजन निघतो, शरीर २५० च्या आसपास वापरतं, म्हणून परत येताना ७५ टक्क्यांच्या आगेमागे. हिमोग्लोबिन पडलं, हृदय थकलं, ताप नाहीतर थरथर आली की हा आकडा खाली जातो, ते समजायला सोपं. तुझ्या पेशंटमध्ये उलटं झालंय, गाडी भरून गेली आणि माल न उतरवताच परत आली. सेप्सिसमध्ये पेशींना ऑक्सिजन नीट वापरता येत नाही, काही रक्त बारीक केशवाहिन्या टाळूनच पुढे जातं. ८४ आणि चढतं लॅक्टेट एकत्र दिसलं तर मला तरी ५८ पेक्षा जास्त धडकी भरते.

सिरिंजवाली:
त्याआधी सॅम्पल कसं काढलंस ते सांग 😀 मी एकदा लाइनच्या ज्या ल्युमेनमधून (आतल्या वेगळ्या मार्गातून) सलाईन चालू होतं त्यातूनच ओढलं, रिपोर्टात हिमोग्लोबिन ६.१, तासाभरापूर्वीच्या एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) ९.८, तेव्हा ट्यूब पेटली. डिस्टल (टोकाला उघडणारं) ल्युमेन, ड्रिप थांबव, पहिलं ५ मिली बाजूला, मग हळू ओढ, बुडबुडा लगेच काढ. आणि लाइन मांडीतली असेल तर तो आकडा एससीव्हीओटू म्हणून वाचूच नको, टोक वरच्या महाशिरेत हवं. अजून एक, मशीनने सॅच्युरेशन को-ऑक्सिमीटरने थेट मोजलंय की पीओटूवरून (ऑक्सिजनच्या दाबावरून) हिशोब करून छापलंय ते बघ, शिरेतला पीओटू ४० च्या आसपास असतो, तिथे दाब-सॅच्युरेशनचा वक्र उभा आहे, थोडी चूक झाली तरी सॅच्युरेशन बरंच हलतं.

तिसरामजला:
७० चं वेड आलं ते रिव्हर्सच्या २००१ च्या ट्रायलमधून, त्यात हे टार्गेट धरलेल्या गटात मृत्यू ३०.५ टक्के, दुसऱ्यात ४६.५. पण २०१४-१५ मध्ये प्रोसेस, अराइझ, प्रोमाइज असे तीन मोठे ट्रायल आले आणि त्यांत तसा फायदा दिसला नाही, त्यामुळे सगळ्यांनाच ७० च्या मागे पळवणं बंद झालं. तरी आकडा फेकून देऊ नका. त्याच वेळी एबीजी काढा आणि शिरेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून धमनीतला वजा करा, ६ mmHg च्या वर फरक आला तर सॅच्युरेशन कितीही गोड दिसो, रक्त कमी फिरतंय असा संशय घ्यायचा.

रात्रपाळी:
लाइन मानेतलीच आहे, पण ड्रिप थांबवली नव्हती, कबूल 🙈 परत काढलं, को-ऑक्सिमीटरवर ७९, कार्बन डायऑक्साइडचा फरक ९. सरांना सांगितलं तर या वेळी फोन न ठेवता स्वतः इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला आले, हृदयाची डावी बाजू बरीच मंद दिसली. डोब्युटामाइन (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) चालू केलंय, दोन तासांनी लॅक्टेट परत पाठवतोय.