परदेशी कोर्टाची डिक्री (घटस्फोटाचा हुकूम) आली म्हणून सही करू नका

इथे लग्न झालेल्या एका मुलीबद्दल कुणीतरी सल्ला दिलाय की अमेरिकेतल्या कोर्टाने घटस्फोट दिला म्हणजे विषय मिटला, मुलीने आता निमूट कागदांवर सही करावी. कृपया असं कोणाला सांगू नका, फार नुकसान होतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 13 बघा. परदेशी निकाल इथे अंतिम मानतात, पण कोर्टाला अधिकारच नसेल, गुणदोषांवर (म्हणजे मूळ मुद्दे तपासून) सुनावणी झाली नसेल, नैसर्गिक न्याय डावलला असेल (म्हणजे बाजू मांडायची संधीच दिली नसेल) किंवा फसवणूक असेल तर नाही. वाय. नरसिंह राव खटल्यात लग्न तिरुपतीचं आणि नवऱ्याने डिक्री आणली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातून. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ती मानली नाही. ज्या कायद्याने लग्न झालं, त्या कायद्यात बसणारं कोर्ट आणि कारण हवं. ‘संसार आता जुळणं शक्य नाही’ एवढं कारण हिंदू विवाह कायद्यात नाहीच.

मात्र याला अपवाद आहेत. बायकोने आपणहून तिकडच्या कोर्टात हजर होऊन दावा लढवला किंवा घटस्फोटाला संमती दिली, तर तीच डिक्री इथेही चालू शकते. सहीची घाई नको म्हणते ती यासाठी.

माझ्या मावसबहिणीला सांगलीत तिकडच्या कोर्टाच्या नोटिशीचं पाकीट मिळालं तेव्हा आतली हजर राहायची तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. आई ते रागाने फाडायला निघाली होती. वकिलांनी आधी पाकीटच मागितलं, कारण तिला बाजू मांडायची संधीच मिळाली नाही, याचा त्यावरचा टपालाचा शिक्का हा पहिला पुरावा होता.