मदरबोर्डवरील फुगलेले कपॅसिटर: कोणते घ्यावेत, कसे बदलावेत?

छापखानेवाला:
आमच्या छापखान्यात पेंटियम ४ चा एक जुना संगणक अजून कामात आहे, कारण अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचे डोंगल (ते चालू होण्यासाठी लागणारी परवान्याची किल्ली) जुन्या पॅरलल पोर्टवरच चालते. हल्ली सकाळी बटण अनेकदा दाबल्याशिवाय तो सुरू होत नाही. एकदा गरम झाला की दिवसभर चालतो, पण मोठी फाइल उघडताच गोठतो. प्रोसेसरशेजारच्या काही कपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) डोकी फुगली आहेत आणि एकावर तपकिरी खपली धरली आहे. त्यांवर ३३०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट असे छापलेले आहे. येथील दुकानदार तेवढ्याच क्षमतेचे, पण २५ व्होल्टचे साधे कपॅसिटर देतो. ते चालतील का, आणि माझ्याकडील २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरेल का?

तांब्याचीतार:
कपॅसिटरवर छापलेली व्होल्टची मर्यादा जास्त असल्याने बिघडत काहीच नाही, मात्र २५ व्होल्टचा कपॅसिटर इतका जाडजूड असतो की तो त्या दाटीत बसणारच नाही. खरी अडचण वेगळीच आहे. प्रोसेसरला वीज देणारे सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते आणि त्या प्रवाहाचे चढउतार हे कपॅसिटर झेलतात. त्यांचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, जास्त असला तर ते स्वतःच तापून लवकर सुकतात. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून आपला संगणक सकाळी अडून बसतो. तेव्हा साधे नकोत, कमी ईएसआरचे आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे घ्यावेत, प्रोसेसरजवळ ६.३ व्होल्टचे पॉलिमर (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेले) कपॅसिटर बसवल्यास अधिक उत्तम, आणि त्यांची क्षमता छापील आकड्यापेक्षा बरीच कमी असली तरी सहसा चालते. मात्र १२ व्होल्टच्या बाजूचे कपॅसिटर १६ व्होल्टचेच हवेत. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी करावी, पण जुन्या बोर्डावरून काढून पुसून ठेवलेला माल घेऊ नये. त्या काळातील अनेक कपॅसिटरांचे इलेक्ट्रोलाइटच, म्हणजे आतील रासायनिक द्रवच, सदोष होते. आत हायड्रोजन साठून डोके फुगते. त्यामुळे न फुगलेले भाऊबंदही त्याच वेळी बदलावेत.

कथीलकाम:
२५ वॅटचे आयर्न येथे पुरणार नाही. कपॅसिटरचा ऋण बाजूचा पाय बोर्डाच्या आतील तांब्याच्या थराला जोडलेला असतो आणि तो थर सगळी उष्णता ओढून घेतो. ६० वॅटचे आयर्न आणि रुंद टोक वापरावे. आधी दोन्ही पायांवर ताजे ६०/४० सोल्डर चढवावे, मग एक पाय तापवून कपॅसिटर किंचित कलवावा, नंतर दुसरा, असे करत तो बाहेर काढावा. सोल्डर पूर्ण वितळण्याआधी ओढल्यास छिद्राच्या आतील तांब्याची नळीच पायासोबत बाहेर येते आणि आतील थरांचा संपर्क तुटतो. मग तो बोर्ड वाचवणे फार कठीण. छिद्र मोकळे करण्यासाठी ड्रिल अजिबात वापरू नये, मागून तापवून स्टीलची सुई घालावी, कारण तिला सोल्डर चिकटत नाही. काढण्यापूर्वी फोटो मात्र अवश्य घ्यावा: कपॅसिटरवरील पट्टा ऋण बाजूचा असतो, पण बोर्डावरील रंगवलेला अर्धगोल काही कंपन्या ऋणासाठी वापरतात, तर काही धनासाठी.

छापखानेवाला:
आभारी आहे. न फुगलेला कपॅसिटर ठीक आहे की नाही, हे साध्या मल्टिमीटरने बोर्डावरच तपासता येईल का?

तांब्याचीतार:
नाही. तेथे अनेक कपॅसिटर समांतर जोडलेले असल्याने एकट्याचे मोजमाप मिळत नाही, शिवाय क्षमता योग्य दिसूनही ईएसआर वाढलेला असू शकतो. सकाळच्या त्रासामागे एसएमपीएसमधील (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातील) कपॅसिटरही असू शकतात, म्हणून दुसरा चांगला एसएमपीएस लावून आधी पाहावे. जुना एसएमपीएस उघडण्याचा मोह टाळावा. त्यातील मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. आणि बोर्डाला हात लावण्यापूर्वी हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढून घ्यावी, कारण ते सॉफ्टवेअर आता पुन्हा मिळणे अवघड आहे.