बेल अँड सेबॅस्टियनचा दुसरा अल्बम: घाई नडली का?

खर्ज:
ग्लासगोच्या या बँडचे पहिले दोन्ही अल्बम १९९६ चेच. जूनमध्ये 'टायगरमिल्क', नोव्हेंबरमध्ये 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर'. माझं ठाम मत, दुसऱ्याला घाई नडली. गाणी अव्वल आहेत, पण रेकॉर्डिंग पिचकं. पहिलंच गाणं घ्या. बँडचा गायक-गीतकार स्टुअर्ट मर्डॉक जवळजवळ कुजबुजत सुरू करतो, वाद्यं चढत जातात, ट्रंपेट येतो आणि ऐन मोक्याच्या जागी सगळं एकमेकांत कालवल्यासारखं ऐकू येतं. खुद्द मर्डॉक या रेकॉर्डिंगवर नाखूश होता. २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात अख्खा अल्बम परत वाजवून त्यांनी तो लाइव्ह काढला, तो उगाच नाही.

पाऊसवेडी:
साफ असहमत. घाई कसली? मर्डॉक कित्येक वर्षं क्रॉनिक फटीगने (न हटणाऱ्या थकव्याने) आजारी होता, त्याच काळात तो गाणी लिहायला लागला. स्टुडिओत दिवस कमी लागले असतील, पण गाणी आतून मुरलेली होती. वेळ घेऊन काय होतं ते स्टोन रोझेस या बँडकडे बघा. पहिला अल्बम १९८९, दुसरा थेट डिसेंबर १९९४. पहिल्यातला हलकेपणा त्यात शोधून सापडत नाही.

खर्ज:
ते उदाहरण इथे गैरलागू आहे. त्यांचा बराच काळ जुन्या रेकॉर्ड कंपनीशी कोर्टकचेरीत गेला. मी पाच वर्षं नाही, महिनाभर जास्त मागतोय.

गच्चीवरचा:
दोघांचंही एक निसटतंय. 'टायगरमिल्क' काढला स्टो कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या इलेक्ट्रिक हनी या रेकॉर्ड लेबलने, एलपी छापल्या फक्त १०००. १९९९ मध्ये तो पुन्हा निघेपर्यंत बहुतेकांनी ऐकलाच नव्हता. म्हणजे जीपस्टर या रेकॉर्ड कंपनीने आणलेला 'सिनिस्टर' हाच बाहेरच्यांसाठी पहिला. पहिल्याच्या यशाचं ओझं मानेवर नसल्यामुळेच तो इतका मोकळा झालाय. महिनाभर घासूनपुसून घेतला असता तर हा मोकळेपणा राहिला नसता.

पाऊसवेडी:
+१. बार्बिकनचं मीही ऐकलंय. आवाज भरदार आहे, नाकारत नाही. पण सेरा मार्टिन १९९६ मध्ये व्हायोलिन घेऊन नुकती आली होती, सगळे एकमेकांचा अंदाज घेत वाजवत होते. 'आपल्याला जमतंय का' ही धाकधूक त्या गाण्यांच्या शब्दांतही आहे. नऊ वर्षांनी सरावलेल्या हातांतून ती कशी येणार?

खर्ज:
शब्दांतली धाकधूक शब्दांतच राहते, ताई, ती कोणी काढून घेत नाही. ट्रंपेट स्वच्छ ऐकू आला म्हणून भाव पातळ होतो हे मला मान्य नाही. नव्या माणसाला ऐकवायचं झालं तर मी बार्बिकनचंच लावणार.